शिकागोचे सभागृह आणि भोवतालचे शहर
सदर : ज्ञानवाटा



बारावीनंतर अमेरिकेतील महाविद्यालयात शिकावयास गेलेल्या, किंवा तेथेच जन्मून वाढलेल्या आपल्या एखाद्या मुलीने वा मुलाने ‘अमेरिकन स्टडीज’ हा मुख्य विषय घेतल्याचे कळवले, की घरात काही क्षण कोणीच बोलत नाही. अभियांत्रिकी समजते, वैद्यक समजते, वित्तशास्त्रही समजते. परंतु ज्या देशात राहावयाचे त्याच देशाच्या संस्कृतीचा चार वर्षे अभ्यास करावयाचा, म्हणजे नेमके काय करावयाचे? आणि मग त्यामागून दुसरा प्रश्न येतो : याचा उपयोग काय? वर्षाकाठी लाखो रुपयांचे शुल्क भरणाऱ्या आईवडिलांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर सरधोपट असू नये, म्हणून या लेखांकात आपण या विषयाची ओळख व्याख्येऐवजी उदाहरणाने करून घेऊ. उदाहरणही आपल्याला आधीच ठाऊक असलेले घेऊ.

एक वर्ष, एक शहर

१८९३ हे वर्ष आपल्या समाजाच्या स्मरणात पक्के आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या ११ तारखेपासून २७ तारखेपर्यंत शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना साधुमर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांच्या वतीने, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले वीरचंद राघवजी गांधी हे अवघ्या २९ वर्षांचे तरुण तेथे गेले. जैन दर्शनाची मांडणी तर त्यांनी केलीच. शिवाय भारतीय समाजावर झालेल्या टीकेलाही सभागृहातच उत्तर दिले. परिषद आटोपल्यावरही अमेरिकेत राहून ते व्याख्याने देत राहिले. एवढे आपण जाणतो व अभिमानाने सांगतो.

मात्र त्या सभागृहाबाहेर काय चालले होते, हे आपण क्वचितच विचारतो. ही परिषद स्वतंत्रपणे भरलेली नव्हती. कोलंबसाच्या सागरप्रवासाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त भरलेल्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाला जोडून ज्या अनेक परिषदा योजल्या होत्या, त्यांपैकी ती एक होती. हे प्रदर्शन १ मेपासून ३० ऑक्टोबरपर्यंत चालले आणि सुमारे पावणेतीन कोटी लोकांनी ते पाहिले. त्या वेळी संपूर्ण अमेरिकेची लोकसंख्या सात कोटींच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गर्दीची कल्पना येते. अमेरिकन संस्कृतीच्या अभ्यासवर्गात हे प्रदर्शन वर्षानुवर्षे शिकवले जाते. ते कसे शिकवतात, हे पाहिले की विषयाचे स्वरूप आपोआप स्पष्ट होते.

एका वस्तूकडे अनेक खिडक्यांतून

प्रथम स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी. डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली सरोवराकाठी उभी राहिलेली ‘श्वेत नगरी’ तो पाहतो. ग्रीक-रोमन थाटाचे खांब, घुमट, कारंजी. पण बहुतेक इमारतींचा दर्शनी भाग गिलाव्यात तागासारखे तंतू मिसळून बनवलेला, म्हणजे एका हंगामापुरता. नव्या देशाला आपले वैभव दाखवण्यासाठी जुन्या युरोपचा पोशाख का घालावासा वाटला, असा प्रश्न तो विचारतो. लुई सलिव्हन या वास्तुविशारदाने पुढे आपल्या आत्मचरित्रात याच अनुकरणावर कठोर टीका केली, हेही त्याला वाचावे लागते. सोफिया हेडन या तरुणीने रेखलेली स्त्रियांची स्वतंत्र इमारत हा त्याच अभ्यासाचा आणखी एक धडा.

मग इतिहासाचा विद्यार्थी. त्याच वर्षी १२ जुलै रोजी त्याच शहरात फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने इतिहासकारांच्या सभेत एक निबंध वाचला. पश्चिमेकडे सतत सरकत गेलेल्या सीमेने अमेरिकन माणसाचा स्वभाव घडवला आणि १८९० च्या जनगणनेनुसार ती सीमा आता संपली आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढची कित्येक दशके अमेरिकेने स्वतःची ओळख या निबंधातून करून घेतली. परंतु ज्या भूमीवरून ही सीमा पुढे सरकली, ती रिकामी नव्हती. पोटावाटोमी जमातीचे नेते सायमन पोकागन यांनी त्याच प्रदर्शनाच्या वेळी भूर्जवृक्षाच्या सालीवर छापलेली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या उत्सवात आपल्या लोकांच्या भूमीचे अपहरण साजरे होते, त्यात आपण आनंदाने सहभागी होऊ शकत नाही, असा तिचा आशय होता. आणि प्रदर्शनाच्या कुंपणालगत बफेलो बिल यांचा घोडेस्वारीचा खेळ तोच पश्चिमेचा इतिहास तिकीट लावून करमणूक म्हणून दाखवीत होता. एकच घटना, तिचे तीन कथनकार : एक प्राध्यापक, एक आदिवासी नेता, एक खेळवाला. साहित्याचा अभ्यासक या तिन्ही कथनांची भाषा तपासतो आणि त्यांतील कोणते कथन शाळेच्या पुस्तकात शिरले, हे इतिहासाच्या अभ्यासकाला विचारतो.

मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिडवे नावाचा, सुमारे मैलभर लांबीचा पट्टा अभ्यासावा लागतो. तेथे जॉर्ज फेरिस यांचा २६४ फूट उंचीचा, ३६ डब्यांचा महाकाय पाळणा फिरत होता आणि त्याच्या सावलीत आफ्रिकेतील, आशियातील माणसे त्यांच्या ‘गावां’सह प्रेक्षणीय वस्तू म्हणून मांडली होती. अशा प्रदर्शनांनी वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेला विज्ञानाचा मुलामा व करमणुकीचे रूप कसे दिले, हे रॉबर्ट रायडेल या इतिहासकाराने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे.

कृष्णवर्णीय अमेरिकनांना तर या प्रदर्शनाच्या रचनेत जवळजवळ स्थानच नव्हते. गुलामीतून मुक्त होऊन राष्ट्रीय नेते बनलेले फ्रेडरिक डग्लस तेथे होते, पण ते हैती या देशाच्या दालनाचे प्रतिनिधी म्हणून. पत्रकार आयडा वेल्स यांनी डग्लस व अन्य सहकाऱ्यांसह एक पुस्तिका छापून, या प्रदर्शनात आम्ही का नाही, याची कारणे जगापुढे मांडली. राज्यशास्त्राचा विद्यार्थी ती पुस्तिका त्या काळच्या कायद्यांशेजारी ठेवून वाचतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिसते ते वेगळेच. विजेच्या दिव्यांनी नगरी उजळली असताना त्याच १८९३ मध्ये देशात भीषण मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. पुढच्या वर्षी शिकागोजवळच्या पुलमन येथील रेल्वेडब्यांच्या कारखान्यात मोठा संप झाला आणि त्याच उन्हाळ्यात ओस पडलेल्या श्वेत नगरीच्या मुख्य इमारती आगीत भस्मसात झाल्या.

न वाचवणारे प्रकरण

शिकागोच्या अभ्यासात असेही एक प्रकरण आहे, जे आपल्यासारख्या वाचकाला वाचवत नाही. आणि तरीही ते टाळून चालत नाही. १८६५ साली सुरू झालेले तेथील जनावरांचे विशाल आगार व त्याभोवतीचे कत्तलखाने हे त्या काळी देशाच्या मांसव्यापाराचे केंद्र होते. प्रदर्शनाला आलेले कितीतरी प्रवासी तेही एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाहून जात. अहिंसेचा संदेश घेऊन आलेला आपला प्रतिनिधी ज्या शहरात बोलत होता, ते शहर असे होते.

विल्यम क्रोनन या पर्यावरण-इतिहासकाराने १९९१ मध्ये शिकागोवर एक मोठा ग्रंथ लिहिला. रेल्वे आणि बर्फाने थंड ठेवलेले मालडबे यांमुळे मांस शेकडो मैल दूरच्या दुकानात पोहोचू लागले, आणि ते विकत घेणाऱ्याच्या मनातून तो प्राणीच पुसला गेला, असे त्याने दाखवले. येथे नीतिशास्त्र, दळणवळण, व्यापार आणि पर्यावरण हे चार विषय एकत्र येतात. पुढे १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांनी या कत्तलखान्यांतील कामगारांच्या हालांवर ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखकाला लोकांचे लक्ष वेधायचे होते कामगारांकडे. वाचक हादरले ते ताटातल्या अस्वच्छ मांसाने, आणि त्याच वर्षी कायदे झाले ते अन्नाच्या शुद्धतेचे व मांसतपासणीचे. करुणा कोठे जागी होते आणि कोठे जागी होत नाही, याचा हा बोलका दाखला आहे. आहाराबद्दल अमेरिकेत वाढणारी आपली मुले रोज प्रश्नांना तोंड देत असतात. त्यांना केवळ ‘आम्ही खात नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. समोरच्या समाजाच्या ताटात ते अन्न कोणत्या मार्गाने आले, हे ज्याला ठाऊक आहे, तो आपली बाजू अधिक शांतपणे व अधिक समर्थपणे मांडू शकतो.

नय आणि दुर्नय

वाचकांच्या लक्षात आले असेल, की वरीलपैकी प्रत्येक शास्त्राने जे सांगितले ते खरे आहे, पण कोणीही सांगितलेले पूर्ण नाही. आपल्या परंपरेत यासाठी ‘नय’ हा नेमका शब्द आहे. वस्तूच्या अनंत धर्मांपैकी एका धर्माचे एका दृष्टिकोनातून केलेले ग्रहण म्हणजे नय. आणि तो दृष्टिकोन जेव्हा इतरांना नाकारून ‘एवढेच सत्य’ म्हणू लागतो, तेव्हा त्याचा दुर्नय होतो. अर्थात, अमेरिकन प्राध्यापकांनी हे आपल्याकडून घेतले, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांची वाट त्यांच्याच गरजांतून निघाली.

ती वाट थोडक्यात अशी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन विद्यापीठांत साहित्य म्हणजे मुख्यतः इंग्लंडचे साहित्य असे. १९२७ मध्ये व्हर्नन पॅरिंग्टन यांचा अमेरिकन विचारप्रवाहांवरील ग्रंथ आला. १९३० च्या दशकात हार्वर्डमध्ये इतिहास व साहित्य यांना जोडणारा अमेरिकन संस्कृतीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि हेन्री नॅश स्मिथ यांना १९४० मध्ये त्या विषयातील डॉक्टरेट मिळाली. १९४९ मध्ये या विषयाचे त्रैमासिक निघाले, १९५१ मध्ये अभ्यासकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये निघालेल्या संशोधनकेंद्राच्या ग्रंथालयाचा लाभ भारतातील अनेक प्राध्यापकांनी घेतला.

त्या पहिल्या पिढीला ‘अमेरिकन मन’ नावाची एक एकसंध वस्तू शोधायची होती. १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांनीच तिला अडवले. कोणाचे मन? त्यात कृष्णवर्णीय कोठे आहेत, आदिवासी कोठे आहेत, स्त्रिया कोठे आहेत? सॅन फ्रान्सिस्को स्टेट या महाविद्यालयात १९६८ च्या नोव्हेंबरपासून पुढील मार्चपर्यंत विद्यार्थ्यांचा संप चालला आणि त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले. देशाच्या अभ्यासात देशाची निर्भय चिकित्सा सामावली, ती येथून. स्वतःच्या घराचे गुणदोष स्वतःच्याच विद्यापीठात लिहून ठेवणे हे समाजाच्या प्रौढपणाचे लक्षण आहे.

आपल्या कुटुंबांचा या इतिहासाशी संबंध

आता आपल्या घराकडे येऊ. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली बहुतेक कुटुंबे आपली कथा कष्ट, शिक्षण व सचोटी या तीन शब्दांत सांगतात. ती कथा खरी आहे, पण तीही एक नयच आहे.

१९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नागरिकत्वाच्या कायद्यापुरते भारतीय हे ‘श्वेतवर्णीय’ ठरत नाहीत. म्हणून ते नागरिक होऊ शकत नाहीत. यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्यास सरकारने प्रारंभ केला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती पाळी आली. त्यांनी मात्र स्वतःचा खटला लढवून तो प्रयत्न परतवून लावला. नागरिकत्वाचा हक्क भारतीयांना मिळाला तो १९४६ मध्ये, आणि तेव्हाही भारतातून वर्षाला केवळ शंभर जणांना स्थलांतराची मुभा होती. देशागणिक कोटा ठरवणारी ती जुनी पद्धत मोडली १९६५ च्या कायद्याने. तो कायदा झाला नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात. म्हणजे आपले काका, आत्या, मामा ज्या दारातून आत गेले, ते दार उघडण्यात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लढ्याचा वाटा आहे. कष्ट आपले होते. संधी मात्र इतरांच्याही त्यागातून आली. हे ज्या मुलाला महाविद्यालयात समजते, त्याची कृतज्ञतेची व्याप्ती वाढते आणि शेजाऱ्याकडे पाहण्याची त्याची दृष्टीही पालटते. माझ्या मते या अभ्यासाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

मराठी वाचकाला ही दृष्टी सर्वस्वी नवीन नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ लिहून तेथील राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, व्यापार व स्त्रियांची स्थिती यांचा एकत्र परामर्श घेतला, आणि स्तुतीबरोबर तेथील वर्णद्वेषावर बोटही ठेवले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचे वर्ग केले. ‘आंतरविद्याशाखीय’ हा जड शब्द रूढ होण्याआधीच ही मंडळी त्या वाटेने गेली होती.

निवड करताना

आता व्यवहाराचे बोलू, कारण केवळ आदर्शाने शुल्क भरले जात नाही. अमेरिकेतील चार वर्षांची पदवी साधारणतः १२० श्रेयांकांची असते आणि मुख्य विषयाला त्यांतील एक भागच लागतो. उरलेल्या जागेत दुसरा मुख्य विषय किंवा पूरक विषय घेता येतो. संगणकशास्त्र वा अर्थशास्त्र यांच्या जोडीला अमेरिकन संस्कृती घेणे म्हणूनच शक्य व शहाणपणाचे ठरते. कायद्याच्या विद्यालयात कोणत्याही विषयाच्या पदवीधराला प्रवेश घेता येतो, आणि वैद्यकासाठीही आवश्यक विज्ञानविषय पूर्ण केले असल्यास मुख्य विषयाची अट नसते. पत्रकारिता, वस्तुसंग्रहालये, अध्यापन, सार्वजनिक प्रशासन, स्वयंसेवी संस्था यांची दारे तर खुलीच असतात.

तथापि भारतातून विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. शिक्षणानंतर मिळणारी कामाची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते; विज्ञान-तंत्रज्ञान गटातील विषयांना तीत आणखी दोन वर्षांची वाढ मिळू शकते. अमेरिकन स्टडीज त्या गटात नाही. हे नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयातून लेखी खात्री करून घ्यावी. तेथील नागरिक असलेल्या मुलांना ही अडचण नाही.

या विषयाला एक धोकाही आहे. अनेक शास्त्रांना स्पर्श करता करता एकातही खोल न जाण्याचा मोह होतो. म्हणून निवड करताना तीन गोष्टी विचाराव्यात. एका शास्त्राची पद्धत, मग ती अभिलेखागारातील कागद वाचण्याची असो, प्रत्यक्ष वस्तीत जाऊन नोंदी घेण्याची असो वा आकडेवारी हाताळण्याची, पुरेशी पक्की शिकवतात का? शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो का? आणि एकाच प्रश्नावर दोन वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक मार्गदर्शन करतात का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो अभ्यासक्रम भक्कम आहे असे समजावे.

आपल्या घरातील मुलीने वा मुलाने हा विषय घेतला असेल, तर पुढच्या दूरध्वनीत नोकरीचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी या आठवड्यात काय वाचले, तेही विचारा. कदाचित तेच मूल तुम्हाला सांगेल, की ११ सप्टेंबर १८९३ रोजी त्या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी आदल्या दिवसांत मिडवेवर आशियाची माणसे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहिली होती. त्याच श्रोत्यांपुढे आशियातील एक तरुण तत्त्वज्ञानाचा आचार्य म्हणून उभा राहिला आणि त्यांनी तो ऐकून घेतला. वीरचंदभाईंचे धैर्य केवढे होते, हे टाळ्यांच्या वर्णनांवरून आपल्याला जितके कळले, त्याहून किती तरी अधिक ते त्या शहराच्या अभ्यासावरून कळते.